काचेखालचा उन्हाळा



वैशाखात आपण सारे उन्हापासून पळतो. माठातले पाणी, वाळ्याचे पडदे आणि आंब्याची सावली हा आपला आसरा. अशा दिवसांत आम्ही आपल्याला अशा लोकांची हकीकत सांगणार आहोत, की ज्यांनी उन्हाळा विकत घेतला आणि काचेच्या घरात कोंडून ठेवला. हे लोक म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातले इंग्रज.

काचगृहाचे शास्त्र साधे आहे. प्रकाश काचेतून आत येतो, माती तापते, तिच्याजवळची हवा तापते आणि काच त्या हवेला निघून जाऊ देत नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत जो बसला आहे, त्याला हे निराळे सांगायला नको. परंतु इंग्लंडच्या हिवाळ्यात सूर्यच दुर्मिळ. म्हणून कोळसा, बॉयलर आणि गरम पाण्याचे नळ यांची जोड द्यावी लागली.

लाउडन नावाच्या उद्यानतज्ज्ञाने १८१६ साली वाकवता येणारी लोखंडी पट्टी तयार केली, तेव्हा काचेच्या छताला घुमटाचा बाक देता येऊ लागला. शतकभर काचेवर असलेला कर १८४५ साली उठला आणि काच स्वस्त झाली. लोखंड, काच आणि कोळसा ही त्रयी जमली, आणि काचगृहांचे युग सुरू झाले.

या युगाचा नायक एक माळी होता. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला जोसेफ पॅक्स्टन १८२६ साली चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या बागेत नोकरीला लागला. तेथे त्याने १८३६ ते १८४० या काळात 'ग्रेट स्टोव्ह' नावाचे भव्य काचगृह उभारले. लांबी २७७ फूट, रुंदी १२३ फूट, आणि खाली आठ बॉयलर! १८४९ च्या नोव्हेंबरात दक्षिण अमेरिकेतील महाकाय कमळ त्याने चॅट्सवर्थला फुलवून दाखविले. त्याच्या पानावर त्याने आपल्या लहान मुलीला उभे केले, तरी पान बुडाले नाही. पानाच्या पाठीवरच्या शिरांची जाळीदार रचना त्याने न्याहाळली, आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी १,८४८ फूट लांबीचा स्फटिकप्रासाद रचताना तिचा दाखला दिला. पानाने माळ्याला वास्तुशास्त्र शिकविले, असेच म्हणावे लागेल.

लंडनजवळच्या क्यू उद्यानातील तालगृह १८४८ साली पुरे झाले. बर्टन हा त्याचा वास्तुविशारद आणि डब्लिनचा टर्नर हा लोहकार. ते आजही उभे आहे. भट्टीचा धूर ताडांवर बसू नये म्हणून तो भुयारातून दूरच्या मनोऱ्यापर्यंत नेला होता. झाडांची ही बडदास्त पाहून कौतुक वाटते. वाटायलाच हवे.

पण ही झाडे आली कोठून? १८२९ साली वॉर्ड नावाच्या डॉक्टराने पतंगाचा कोश एका बंद बाटलीत ठेवला होता. त्या बाटलीत आपोआप नेचा उगवला. मातीतून निघालेली वाफ काचेवर थिजून पुन्हा मातीत जात होती. या निरीक्षणातून वॉर्डची काचपेटी निघाली आणि रोपे महासागर ओलांडून जिवंत पोहोचू लागली. चीनमधला चहा अशा पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी आला. १८७६ साली ब्राझीलमधून रबराचे सत्तर हजार बी क्यूला नेण्यात आले. थोडेच उगवले, पण त्यांची रोपे सिलोनला गेली, आणि पुढे आशियातील मळ्यांनी ब्राझीलची मक्तेदारी मोडली. काचेखाली नुसती शोभा नव्हती, व्यापार होता, राज्य होते. त्याच वाटेने सिंकोना निलगिरीत रुजला आणि हिवतापावरचे औषध आपल्या भूमीत तयार होऊ लागले, हेही विसरून चालणार नाही. एकाच पेटीत लोभ आणि उपकार दोन्ही होते.

आता शेवट ऐका. पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली. ग्रेट स्टोव्हच्या भट्ट्या विझल्या, आतली झाडे थंडीने मेली, आणि १९२० साली ती इमारत सुरुंग लावून पाडावी लागली. स्फटिकप्रासाद १९३६ साली आगीत गेला. बाहेरच्या ऋतूशी भांडण मांडून उभारलेले वैभव रोजच्या निगराणीवर जगते. भट्टीत कोळसा टाकणारा हात थांबला, की ते संपते.

बंगळूरच्या लालबागेत १८८९ सालचे काचगृह आजही आहे. तेथे बॉयलरची गरज नव्हती. आज आपल्या मावळातले शेतकरी प्लास्टिकच्या छताखाली गुलाब आणि जरबेरा पिकवतात. त्यांची झुंज थंडीशी नसून पावसाशी आणि कडक उन्हाशी आहे. साधन तेच, ऋतू निराळा.

तेव्हा श्रोतेहो, काचेखालचे फूल पाहून आनंद जरूर मानावा. मात्र ज्याने रात्रभर जागून भट्टी राखली, त्या हाताचीही आठवण ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.