तारे किती द्यावेत?

नव्या ध्वनिमुद्रिकेचे परीक्षण समोर आले, की आपली दृष्टी प्रथम जाते ती मजकुराकडे नव्हे, तर शीर्षकाखालच्या ताऱ्यांकडे. पाचांपैकी साडेतीन! हा अर्धा तारा परीक्षकाने आणला कोठून, असे एका तरुण मित्राने मला परवा विचारले. प्रश्न थट्टेचा होता. उत्तर मात्र थट्टेवारी नेण्याजोगे नाही.

त्यासाठी इंदूरबाहेर जावयास नको. उस्ताद अमीर खाँ याच शहरात वाढले. 1960 च्या सुमारास त्यांची मारवा आणि दरबारी या रागांची दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली. जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. येथे एकेका रागाला वीस मिनिटांहून अधिक अवकाश लाभला. खाँसाहेबांनी तो घाईने भरला नाही. चौदा मात्रांच्या अतिविलंबित झुमऱ्यात मारवा संथपणे उलगडत जातो. षड्जावर विसावणे लांबवावे, कोमल ऋषभ आणि धैवत यांवर रेंगाळावे, हा तर मारव्याचा स्वभावच. तानांच्या आतषबाजीची वाट पाहणारा परीक्षक पहिल्याच श्रवणात म्हणेल, ‘गाणे पुढे सरकत नाही, दोन तारे!’ येथे उणे गाण्यात नसून मोजपट्टीत आहे.

म्हणून परीक्षकाने काही पथ्ये पाळावीत. कलावंताने काय योजिले होते, ते आधी ओळखावे आणि ते कितपत साधले, हे मग पाहावे. ध्वनिमुद्रणातील वैगुण्य गायकाच्या माथी मारू नये. आपल्या आवडत्या घराण्याकडे झुकणारे पारडे स्वतःच्या हाताने सावरावे. आणि तारे लिहावेत ते सर्वांत शेवटी, निदान तीनदा ऐकल्यानंतर.

हे शहाणपण मला उशिरा सुचले. एका होतकरू गायिकेच्या पहिल्याच मुद्रिकेला मी एका श्रवणात दोन तारे देऊन मोकळा झालो होतो. वर्षभराने, एका निवांत रात्री, तीच मुद्रिका पुन्हा ऐकली आणि मान खाली गेली. मी उतावळेपणाला संथपणा समजलो नव्हतो. संथपणालाच दुबळेपणा समजलो होतो. छापलेला आकडा परत घेता येत नाही, आणि त्या आकड्यामुळे कितीजणांनी ते गाणे ऐकलेच नसेल, हे मोजताही येत नाही.

तेव्हा श्रोतेहो, तारे जरूर पाहा. पण त्यांखालचा मजकूर वाचल्यावाचून आणि गाणे स्वतःच्या कानांनी ऐकल्यावाचून निकाल देऊ नका. तारा दिशा दाखवतो. वाट आपल्यालाच चालावी लागते.