जंपसीट : एक खुर्ची आणि तिचा मान

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कार्यकर्त्यांनी मला सांगितले, "तुम्ही इतकी वर्षे विमानात काढलीत, काहीतरी गमतीचे सांगा." आपल्या मंडळात द्वारका, पालम आणि गुरुग्रामकडची विमान-व्यवसायातली बरीच कुटुंबे आहेत. म्हणून ज्या विषयावर वैमानिक आपसांत खूप भांडतात, पण बाहेर फारसे बोलत नाहीत, तोच आज घेतला आहे. विषय आहे जंपसीट.

जंपसीट म्हणजे कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागे असलेली जादा खुर्ची. एअरबस ३२० मध्ये अशा दोन असतात. खुर्ची घडीची, पाठ अवघडवणारी. पण विमान भरलेले असताना या खुर्चीचा भाव सोन्यासारखा चढतो. गणपतीच्या आधी दोन दिवस दिल्लीहून मुंबई-पुण्याचे तिकीट मिळवणे काय असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. वैमानिकालाही घरी आरतीला पोहोचायचे असते. मग तो गणवेशात, गळ्यात ओळखपत्र अडकवून विमानाच्या दाराशी येतो आणि विचारतो, "कॅप्टन, जंपसीट मिळेल का?"

आता मान कोणाचा पहिला? सर्वसाधारण रीत अशी, की आधी काम, मग सोय. सरकारी निरीक्षक तपासणीला आला किंवा कंपनीचा परीक्षक वैमानिक आला, तर खुर्ची त्याची. नंतर प्रशिक्षणातला वैमानिक. नंतर दुसऱ्या शहरात ड्यूटीवर जाणारा. रजेवर घरी निघालेला शेवटी. कागदावर सगळे सरळ आहे. भांडण होते ते कागदावर नसलेल्या गोष्टीवरून, म्हणजे ज्येष्ठतेवरून.

एक पाहिलेला प्रसंग सांगतो. कंपनीचे नाव महत्त्वाचे नाही. जानेवारीतले दाट धुके, उड्डाणे तासन्‌तास खोळंबलेली, मुंबईच्या विमानात जंपसीट एकच आणि उमेदवार दोन. एक रजेवरचे ज्येष्ठ कॅप्टन, दुसरा पहाटे मुंबईहून ड्यूटी असलेला तरुण फर्स्ट ऑफिसर. विमानाचा कमांडर त्या ज्येष्ठांचाच जुना विद्यार्थी. ज्येष्ठ म्हणाले, "अरे, तुला लँडिंग मी शिकवले." कमांडर म्हणाला, "सर, म्हणूनच सांगतो. त्याची सकाळी ड्यूटी आहे, खुर्ची त्याची." ज्येष्ठ रागावून परत गेले आणि पुढे दोन महिने त्याच्याशी बोलले नाहीत. पण सकाळचे विमान वेळेवर सुटले. दीडशे प्रवाशांना कळलेही नाही, की आदल्या रात्री कोणीतरी आपल्या गुरूला नाही म्हटले होते.

हे 'नाही' म्हणण्याचा अधिकार कुठून येतो? आपल्याकडे १९३७ सालचे विमान नियम आहेत. त्यांतल्या १४१ व्या नियमात कमांडरची कर्तव्ये आहेत. विमानाच्या आणि त्यातल्या माणसांच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्याच्यावर आहे. ज्याच्यावर जबाबदारी, त्याच्याच हाती अधिकार. मागच्या खुर्चीत बसलेला माणूस वयाने, पगाराने, हुद्द्याने मोठा असला, तरी त्या उड्डाणापुरता तो पाहुणा. पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकघरात जाऊन फोडणी बदलायची नसते!

अमेरिकेत तर या खुर्चीवरून मोठी वैरे झाली. १९८३ साली कॉन्टिनेंटल एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप केला. संप मोडून कामावर गेलेल्यांना पुढे कित्येक वर्षे इतर वैमानिक जंपसीट नाकारत राहिले. कमांडरचा अधिकार असा सूड घेण्यासाठीही वापरता येतो, हे विसरून चालणार नाही. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर तिथे दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांना कॉकपिटचे दार बंद झाले आणि संगणकावर ओळख पडताळण्याची पद्धत आल्यावरच ते पुन्हा उघडले.

ही काळजी उगाच नाही. ७ एप्रिल १९९४ रोजी फेडेक्सच्या मेम्फिसहून निघालेल्या मालवाहू विमानात जंपसीटवर आलेल्या त्याच कंपनीच्या कर्मचाऱ्याने हातोड्यांनी वैमानिकांवर हल्ला केला. तिघेही गंभीर जखमी झाले, तरी त्यांनी विमान सुखरूप उतरवले. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेतच होरायझन एअरच्या विमानात ड्यूटीवर नसलेल्या वैमानिकाने जंपसीटवरून उठून इंजिने बंद करणारे दांडे ओढण्याचा प्रयत्न केला. दोघा वैमानिकांनी त्याला आवरले.

पण दुसरी बाजूही ऐका. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेडच्या २३२ क्रमांकाच्या विमानाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा गेली. डेनिस फिच हे प्रशिक्षक वैमानिक प्रवासी म्हणून मागे बसले होते. त्यांनी मदत करू का, असे विचारले. कॅप्टन हेन्स यांनी त्यांना आत बोलावून इंजिनांचे थ्रॉटल हाती दिले. २९६ पैकी १८४ जण वाचले. विचारणारा आणि होकार देणारा, दोघांनाही आपापली जागा ठाऊक होती.

आता आपल्या दिल्लीकडे येऊ. एप्रिल २०१५ मध्ये जयपूरहून दिल्लीला येणाऱ्या विमानात, उड्डाणाआधी आकडे टिपून घेण्यावरून कॅप्टन आणि को-पायलटमध्ये वाद झाल्याच्या बातम्या आल्या. कंपनीने दोघांनाही कामावरून बाजूला केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबई-दिल्ली विमानात कमांडरने ओळखीच्या महिलेला कॉकपिटमध्ये बसवले. डीजीसीएने कंपनीला ३० लाख रुपये दंड केला आणि कमांडरचा परवाना तीन महिने निलंबित केला. त्याच वर्षी जूनमध्ये दिल्ली-लेह मार्गावर तसेच घडले, तेव्हा कमांडरचा परवाना एक वर्ष आणि को-पायलटचा एक महिना निलंबित झाला. को-पायलट का, असे कोणी विचारेल. कमांडर चुकत असताना गप्प बसणे हाही दोषच.

खुर्चीचे भांडण मोठे होते तेव्हा काय होते, तेही आपण पाहिले. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. कंपन्या एक झाल्या, पण मने आणि ज्येष्ठता-याद्या दोनच राहिल्या. नव्या ड्रीमलायनरचे प्रशिक्षण कोणाला आधी, यावरून २०१२ च्या मे महिन्यात एका गटाच्या वैमानिकांनी संप केला. तो ५८ दिवस चालला. भांडण होते पुढच्या खुर्चीत आधी कोण बसणार याचे, आणि हाल झाले मागे बसणाऱ्यांचे.

या सगळ्यावरून कोणी म्हणेल, कमांडर म्हणजे राजा. तसे नाही. २२ मे २०१० ची मंगळूरची दुर्घटना आठवा. दुबईहून आलेल्या विमानात कॅप्टनला बराच वेळ झोप लागली होती. उतरताना विमान फार उंच होते. को-पायलटने तीन वेळा 'गो अराउंड' म्हटले, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला. कॅप्टनने ऐकले नाही. १५८ जण गेले, आठ वाचले. अधिकार एकाचा असावा, पण कान सर्वांसाठी उघडे असावेत. जंपसीटवरच्या पाहुण्याचाही धर्म तोच. दहा हजार फुटांखाली गप्पा नाहीत, पण धोका दिसला तर लाजायचे नाही. बोलायचे, आणि मग निर्णय कमांडरवर सोडायचा.

मंडळी, हे तुम्हाला सांगण्याचे कारण आहे. तुमचा भाचा, जावई, शेजारी वैमानिक असेल, तर "जरा कॉकपिटमध्ये बसव ना" असा आग्रह धरू नका. तो नाही म्हणाला, तर त्याला शिष्ट समजू नका. त्या नकाराची किंमत त्याने मनात चुकवलेली असते. आणि आपल्यातल्या ज्येष्ठ वैमानिकांना हात जोडून विनंती, की ज्या विद्यार्थ्याला तुम्ही विमान चालवायला शिकवले, त्याने तुम्हालाच नियम दाखवला, तर तो अपमान मानू नका. आपले शिकवणे फुकट गेले नाही, असे समजून घरी जा. आरती एक दिवस उशिरा मिळाली, तरी बाप्पा समजून घेतो.

 गणपती बाप्पा मोरया!