डब्याचं झाकण



१५ जून जवळ आला. दुकानांच्या दारात दप्तरं आणि रेनकोट लटकू लागले. वह्यांना खाकी कव्हरं घालायला घरोघर बैठका बसल्या असतील. विदर्भातल्या मंडळींना उन्हामुळे आणखी थोडे दिवस मिळतात, तेव्हा त्यांनी हे जरा निवांत ऐकलं तरी चालेल.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी पहिलीच्या वर्गावर. पहिलीचा वर्ग सहसा कुणी मागून घेत नाही. मी घेतला. त्यामुळे जूनचा दुसरा पंधरवडा म्हणजे काय, हे माझ्या साड्यांच्या पदरांना विचारावं. रडणारं मूल आधी पदर धरतं, मग त्यालाच नाक पुसतं, आणि मग कुठे बाईंचं तोंड बघतं.

दरवर्षी पालक अभिमानाने सांगायचे, "बाई, याला शंभरपर्यंत येतं. एबीसीडी तर तोंडपाठ." मी म्हणायचे, "छान." आणि मनात म्हणायचे, डब्याचं झाकण उघडता येतं का?

हसू नका. आमच्याकडे दुपारी पोषण आहाराची खिचडी असायची, पण छोट्या सुट्टीसाठी घरून डबा यायचाच. भाजीचं तेल दप्तरात सांडू नये म्हणून आईने झाकण सगळा जोर लावून बसवलेलं. सुट्टी होते, बाकीची मुलं खायला लागतात, आणि एक मूल डबा मांडीवर घेऊन नुसतं बसून राहतं. बाईंना सांगायची लाज, शेजारच्याची ओळख नाही. घंटा होते आणि डबा भरलेला घरी जातो. घरी निष्कर्ष निघतो, "शाळेत काही खात नाही हो, फार लाडावलाय." तोच डबा, तीच दप्तराची चेन, तेच चपलेचे बंद घेऊन आठ दिवस घरात खेळा. शाळा शाळा खेळताना आईने विद्यार्थी व्हावं, मुलाने बाई. चड्डीचं बटण आणि सलवारीची नाडी हे तर आमच्या वर्गातले सर्वांत अवघड धडे. पहिल्या महिन्यापुरती इलॅस्टिकची चड्डी शिवलीत, तर तुमचे उपकार होतील.

आता विषय निघालाच आहे तर सांगते. एका वर्षी एक मुलगी दुसऱ्याच दिवशी उठून म्हणाली, "बाई, मागं जाऊ?" मला वाटलं, मागच्या रांगेत मैत्रीण असेल. म्हटलं, "जा की." ती गेली, मागे बसली. थोड्या वेळाने पुन्हा, "बाई, मागं जाऊ?" मी म्हटलं, "अगं, मागंच तर बसलीयेस!" तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही, आणि सतरंजी भिजली. तिच्या घरी मोरी आणि संडास मागच्या दारी, म्हणून घरात सगळेच 'मागं' जायचे. चूक माझी होती. पण त्या दिवसापासून प्रवेशाच्या वेळी मी प्रत्येक आईला एक प्रश्न विचारू लागले: तुमच्याकडे याला काय म्हणतात? शू, सू, एक नंबर, बाहेर, मागं, माझ्या वहीत एक पूर्ण पान भरलं होतं. तुमच्याही घरात असे खास तुमचे शब्द असतील. ते बाईंना सांगून ठेवा, आणि शाळेत काय म्हणायचं ते मुलाला सांगा. गडचिरोलीकडच्या गोंड घरातलं मूल पाण्याला 'येर' म्हणतं. तहान लागल्यावर त्याने काय म्हणायचं आणि बाईंना ते कसं कळायचं, हा 'अ अननसाचा' याच्या फार आधीचा प्रश्न आहे.

हल्ली शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात. मुलाने उडी मारायची, चित्र रंगवायचं, लहानमोठ्या वस्तू वेगळ्या करायच्या, दोन शब्द बोलायचे. ही परीक्षा नाही, नुसती ओळख. पण पालक मागे उभे राहून कुजबुजतात, "त्रिकोण म्हण, त्रिकोण!" मूल बिचारं आकृतीकडे बघायचं सोडून आईच्या ओठांकडे बघतं.

आपल्याकडे पूर्वी धूळपाटीवर अक्षरं गिरवत. फळीवर धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचं, चुकलं तर हात फिरवायचा. धुळाक्षरं हा शब्द त्यातूनच आला. चूक कुणाला दिसायच्या आत पुसली जायची. आता मूल चार वर्षांचं झालं नाही तोच हातात चार रेघी वही आणि पेन्सिल, आणि चुकलं की रबराने कागद फाटतो. त्या बोटांना अजून कणकेचा गोळा हवा असतो. शेंगा सोलू द्या, मटार निवडू द्या, ओल्या वाळूत बोट फिरवू द्या. पेन्सिल धरायची ताकद तिथून येते.

दुसरं गाऱ्हाणं आजीआजोबांबद्दल. राग मानू नका, मीही आता आजी आहे. "थांब, शाळेत घातलं की बाई सरळ करतील तुला!" हे वाक्य ज्या घरात बोललं जात नाही असं घर मला भेटायचंय. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला त्यात बंदी आहे. म्हणजे सरकारने माझ्या हातातली छडी काढून घेतली, आणि घरोघरच्या ओट्यावरून ती मला रोज परत मिळत राहिली. मूल वर्गात पाऊल टाकण्याआधीच मी त्याच्या मनात बागुलबुवा होऊन बसलेली. मग ते पदर धरेपर्यंत चार दिवस जायचे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची मला अशा वेळी फार आठवण यायची. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या स्वतःच वस्तीवर गेल्या, घरांपुढच्या अंगणात बसल्या. अंगणवाडी तिथली. पुढे कोसबाडला वारली मुलं गुरं राखायला रानात जातात हे पाहिल्यावर शाळाच रानात नेली, तिचं नाव कुरणशाळा. आज आपण 'मुलाची तयारी झाली का' असं सारखं विचारतो. त्या दोघी शाळेची तयारी झाली का, ते आधी बघत होत्या.

आणि शाळा कधीकधी अजबच तयारी करते. पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव. बैलगाडी, फुगे, गुलाबाचं फूल, नवी पुस्तकं, सगळं छान. पण ढोलताशा कशाला? मोठ्यांचे फोटो चांगले येतात आणि मुलं कानावर हात ठेवून आईच्या कमरेला चिकटतात. त्यावर पाहुण्यांचं भाषण. मी स्वतः भाषणच करते आहे, त्यामुळे याबद्दल जास्त बोलत नाही.

दुसरी-तिसरीत परतणाऱ्या मुलांचं दुखणं निराळं. महिनाभर मामाकडे रात्री अकराला झोपून सकाळी नऊला उठलेलं मूल १५ तारखेला पहाटे उठवून चालत नाही. रोज थोडं थोडं आधी झोपवा, आजपासूनच. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको, म्हणजे वीस किलोच्या मुलाला दोन किलो. भरल्यावर एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा. आणि बीडकडची जी मुलं आईबापांबरोबर सहा महिने साखर कारखान्याच्या तळावर राहून आली, त्यांना पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर "कुठवर आलं तुझं?" असं विचारू नका, हे माझ्या शिक्षक भावंडांना सांगणं. त्या मुलाला उसाची मोळी कशी बांधतात ते विचारा. वर्गात दुसऱ्या कुणाला ते येत नसेल.

आता निरोपाचं. मूल खेळात रमलं की मागच्या मागे सटकायचं, ही युक्ती पुष्कळांना हुशारीची वाटते. एकदाच चालते. दुसऱ्या दिवसापासून मूल खेळत नाही, दारावर पहारा देतं. रडलं तरी चालेल, सांगून जा. आणि "लगेच येते" म्हणू नका, कारण तुम्ही लगेच येणार नसता. "साडेचारला येते" याचाही उपयोग नाही, त्याला घड्याळ येत नाही. म्हणा, खिचडी खाऊन होईल, मग बाई गोष्ट सांगतील, मग मोठी घंटा होईल, तेव्हा मी पिंपळाखाली उभी असेन. आणि खरंच उभ्या राहा, घंटेच्या आधी.

आमच्या वर्गात एक आजोबा नातवाला घेऊन यायचे. पोराने त्यांचं धोतर सोडलं नाही, म्हणून पहिले दोन दिवस आजोबाच पहिलीत बसले, मांडी घालून, टोपी काढून. तिसऱ्या दिवशी त्याला सांगून उंबऱ्याशी बसले. मग व्हरांड्यात. मग पटांगणातल्या पाराच्या कट्ट्यावर, खिडकीतून दिसतील असे. रोज जागा बदलताना नातवाला म्हणायचे, "आज मी तिथं हाय बरं का." नवव्या दिवशी म्हणाले, "आज मी घरी जातो, घंटा झाली की येतो." पोराने मान हलवली. छोट्या सुट्टीत त्याने एकदा खिडकीबाहेर पाहिलं, कट्टा रिकामा होता. मला म्हणाला, "आजोबांनी भाकरी खाल्ली आसंल न्हवं?" मी म्हटलं, "खाल्ली असेल की." मग त्याने डबा काढला, दोन्ही गुडघ्यांत धरला, दात-ओठ खात झाकण ओढलं, आणि ते उघडलं.

दुपारी मी ही हकिकत आजोबांना सांगितली, तर ते दुसरीकडेच बघत म्हणाले, "भाकरी कुठली, बाई? मी सुट्टी होईस्तवर त्या पिठाच्या गिरणीमागं हुभा हुतो."