हिमपिसू

पिंपळगाव रेणुकाईचं नाव काढलं की लोकांना मिरची आठवते. हंगामात इथे मिरचीचा बाजार भरतो आणि ठसका लागल्याशिवाय कुणाचं वाक्य पुरं होत नाही. अशा गावातल्या माणसानं बर्फावर बोलावं, हे जरा अतीच. आमच्या रानात बर्फ येतो तो गारांचा. २०१४ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला गारपिटीनं झोडपलं, तेव्हा उभ्या पिकांचा चोथा झाला. बर्फ म्हणजे नासाडी, एवढीच आमची ओळख.

पण बर्फ हेच ज्यांचं शेत आहे, असेही जीव आहेत. आल्प्स पर्वतात १८४० च्या सुमारास लुई आगासिझ हिमनद्यांचा अभ्यास करत होते. त्यांचे सहकारी एदुआर देझोर यांचं नाव पुढे तिथल्या एका काळ्या, जेमतेम दोन मिलिमीटरच्या जिवाला मिळालं. मराठीत त्याला शब्द नाही, म्हणून मी 'हिमपिसू' म्हणतो. पिसू चावते, ही बिचारी कुणाला चावत नाही. पाय सहा, पण शास्त्रज्ञ आता तिला कीटकांतही धरत नाहीत. पोटाखाली शेपटीसारखा दुहेरी काटा दुमडून आकड्यात अडकवलेला असतो. आकडा सुटला की काटा खाली आपटतो आणि स्वारी हवेत! अंगात साखरेसारखी द्रव्यं असतात, त्यामुळे रक्त गोठत नाही. खाणं म्हणजे वाऱ्यानं आणून टाकलेले परागकण आणि बर्फावरचं शेवाळ.

हिमालयाचं कौतुक वेगळं. आपल्याकडचे कीटकशास्त्रज्ञ एम. एस. मणी यांनी १९५० च्या दशकात वायव्य हिमालयात मोहिमा काढल्या. खालच्या मुलखातले कीटक वाऱ्यानं वर उचलले जातात, बर्फावर पडून गारठतात आणि तिथल्या जिवांचं अन्न होतात, हे त्यांनी दाखवलं. खालच्या मुलखातून वर जाणारी ही शिदोरीच म्हणायची.

१९८४ साली शिरो कोहशिमा या जपानी संशोधकानं नेपाळमधल्या याला हिमनदीवरचा एक कीटक जगापुढे आणला. चिलटांच्या कुळातला, पण पंख खुरटलेले, त्यामुळे उडणं नाही, नुसतं चालणं. उणे १६ अंशांतही तो चालतो. त्याच्या अळ्या बर्फातलं शेवाळ आणि जिवाणू खाऊन वाढतात. मात्र त्याला तळहातावर घेतलं, तर आपल्या हाताची ऊबच त्याला मारते. हे वाचलं तेव्हा मी नकळत हात मागे घेतला होता.

आता ती याला हिमनदीच आटत चालली आहे. १९७० च्या दशकापासून तिचा दोनतृतीयांश भाग गेला. १२ मे २०२५ रोजी तिथं लोक जमले आणि माणसाला वाहावी तशी त्यांनी हिमनदीला श्रद्धांजली वाहिली. आमच्याकडे दुष्काळ पडला की माणूस पोट घेऊन शहरात जातो. त्या बिनपंखाच्या किड्यानं कुठं जावं? बर्फाच्या वर फक्त आभाळ आहे.

हिमपिसूचे भाऊबंद मात्र आपल्या रानात आहेत. ओल्या पाचोळ्याखाली, जुन्या शेणखतात पांढुरके कण टुणटुण उडतात, ते हेच. कुजकं-नासकं आणि बुरशी खाऊन ते मातीला कस देतात. आपण मात्र वर्षानुवर्षं मातीत फोरेटचे दाणे पेरले. हुमणी मरावी म्हणून टाकलेलं विष भाऊबंद पाहत नाही. २०२० च्या अखेरीस सरकारनं फोरेटवर बंदी घातली. उशिरा का होईना, बरं झालं.

येत्या पावसाळ्यात उकिरड्याच्या कडेचं एखादं ओलं पान उलटून पाहा. जवळ भिंग असेल तर पोटाखालचा काटाही दिसेल. पोरांना सोबत घ्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज असते.