रोजचे शंभर किलोमीटर आणि जुनी गाडी

आजचा विषय थेट माझ्या घरातला. माझा मामेभाऊ लोणी देवकरचा, नोकरी कुरकुंभ एमआयडीसीत. जाऊन-येऊन साधारण १०० किलोमीटर, तेही शिफ्टमध्ये. आजवर बाइकवर जायचा. मागच्या गळीत हंगामात रात्री भिगवणच्या पुढं हायवेवर उसाची डबल ट्रॉली एकदम समोर दिसली. ना मागं लाइट, ना रिफ्लेक्टर. थोडक्यात वाचला. मामी म्हणाली, "आता चारचाकीच बघा." बजेट साडेतीन लाख, त्यातले निम्मे मामीच्या दुधाच्या पैशातले. म्हणजे चुकायला जागाच नाही.

आधी हिशोब केला. महिन्याला २५ दिवस धरले तर २,५०० किलोमीटर, वर्षाला ३० हजार. पेट्रोल १०० रुपये लिटर आणि २० चं अ‍ॅव्हरेज धरा, महिना १२,५०० रुपये. सीएनजी ९० रुपये किलो आणि २५ चं अ‍ॅव्हरेज, तर ९,०००. फरक साडेतीन हजारांचा, म्हणजे जवळपास एक हप्ता. पंपावरची रांग आणि अर्धी गेलेली डिकी मात्र सोसायची. डिझेलचं म्हणाल तर एवढ्या रनिंगला ते परवडतं, पण या बजेटात जुनं डिझेल मिळतं आणि इंजेक्टर, टर्बोचं एक काम निघालं की सगळी बचत त्यातच जाते. मी सीएनजीच्या बाजूनं. तीही कंपनी फिटेड, आरसीवर नोंद असलेली. टाकीची दर ३ वर्षांनी टेस्ट लागते, त्याची तारीख बघून घ्या.

आता किलोमीटर. प्रत्येक एजंटची प्रत्येक गाडी "फक्त ४० हजार चाललीय" अशीच असते! पेडलचं रबर झिजलेलं, स्टिअरिंग गुळगुळीत, ड्रायव्हरची सीट बसलेली, आणि मीटर म्हणतो ४० हजार? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गाडीची हिस्ट्री काढायला लावा. मालक तयार नसेल तर तिथूनच परत फिरा. मला तर हायवेवर ९० हजार चाललेली, वेळेवर ऑइल बदललेली गाडी, शहरातल्या ट्रॅफिकमध्ये क्लच घासलेल्या गाडीपेक्षा कधीही चालेल.

एका ठिकाणी आम्ही सकाळी आठला पोचलो तर बॉनेट गरम. आधीच चालू करून ठेवलेली. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, धूर कसला येतो, हेच तर बघायचं होतं. आम्ही चहा पिऊन निघालो. पुराच्या पाण्यातली गाडी ओळखायची तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत मातीचा डाग दिसतो. टायरवर चार आकडी नंबर असतो, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी चांगली असली तरी रबर म्हातारं असू शकतं.

रात्रीच्या हायवेसाठी एबीएस आणि दोन एअरबॅग यावर मी अडून बसलो. एबीएस एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं, पुढच्या दोन्ही एअरबॅग २०२२ पासून. त्याआधीच्या गाडीत व्हेरिएंट बघूनच घ्या, नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका.

कागदं? एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाका, कितवा मालक, विमा, कर्जाचा बोजा सगळं दिसतं. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. सह्या घेऊन गाडी तशीच फिरवू नका. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच राहतो, तेवढा प्रीमियम वाढतो. फास्टॅगही आपल्या नावाचा नवा. तुम्ही पुण्यापर्यंत जात असाल तर पाटसचा टोल लागतो, तिथं वार्षिक पास बघा (२०२५ मध्ये तो ३,००० रुपयांना होता), २०० फेऱ्या किंवा एक वर्ष. कुरकुंभ पाटसच्या अलीकडंच, त्यामुळं भावाचा तो खर्च वाचला.

शेवटी ठरली २०१८ ची सेलेरिओ सीएनजी, ९६ हजार चाललेली, दोन एअरबॅगवाली, पहिला मालक. आमच्या मेकॅनिकनं खाली घुसून तासभर बघितली, तेव्हा पाचशे रुपये आणि नाश्ता दिला. सौदा ३ लाख १० हजारांत. उरलेल्यातून दोन टायर, आणि आधी हेडलाइट नीट सेट करून घेणार. नावावर व्हायची आहे, एमएच-४२ च्या ऑफिसात पुढच्या आठवड्यात जातोय. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा, फोटो पाठवताना आरसी झाकून पाठवा.