उपकराचा रुपया आणि रुग्णाची खाट



२०२० च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आयात होणाऱ्या अनेक वैद्यकीय उपकरणांवर ५ टक्के आरोग्य उपकर लावण्यात आला. हेतू दुहेरी होता. देशी उत्पादकास आधार मिळावा आणि जमा रकमेतून आकांक्षित जिल्ह्यांत आरोग्यसुविधा उभ्या राहाव्यात. आपले गडचिरोली, नंदुरबार याच जिल्ह्यांत मोडतात.

टीकाकार म्हणतात, हा भार अखेर रुग्णाच्या देयकावरच पडतो. हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. जेथे देशी पर्यायच नाही, तेथे आयातशुल्क हा आजाऱ्यावरील कर ठरतो. म्हणूनच कोरोनाकाळात, एप्रिल २०२० मध्ये, व्हेंटिलेटर, मुखपट्ट्या व चाचणी संचांना तात्पुरती सूट द्यावी लागली.

मग स्वदेशीचा आग्रह सोडावा काय? मुळीच नाही. परावलंबनाची किंमतही त्याच साथीने दाखवून दिली. मात्र कुंपण घातल्याने पीक येत नाही, पेरावेही लागते. वैद्यकीय उपकरणांसाठीची ३,४२० कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना ही अशी पेरणी होय.

दुसरी पेरणी सार्वजनिक खर्चाची. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के शासकीय खर्चाचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्केच होता; त्या वर्षी एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के वाटा कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून उचलला.

म्हणून मागणी एकच असावी : उपकराच्या प्रत्येक रुपयाचा जिल्हावार हिशेब जनतेपुढे मांडला जावा. राष्ट्रासाठी झीज सोसण्यास रुग्णही तयार होईल. पण त्या झिजेतून उभी राहिलेली खाट त्याला दिसली पाहिजे.