लखोटा आणि मोहोर

पेठेतले गिऱ्हाईक दुकानदाराचा चेहरा पाहते, माल हाताळते आणि मगच कनवटीला हात घालते. इंटरनेटवरील बाजारात यांतले काहीच घडत नाही. तेथे पत्ता, कार्डाचा क्रमांक, परवलीचा शब्द हे सारे अनेक अनोळखी यंत्रांतून प्रवास करीत दुकानी पोहोचते. संदेश उघडा असला, तर पोस्टकार्डाप्रमाणे तो वाटेत वाचता येतो. इतकेच नव्हे, तर बदलताही येतो.

पूर्वी कधी न भेटलेल्या दोघांना, सर्वांच्या देखत बोलूनही, गुप्त किल्ली ठरविता येते, हे डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली दाखविले. उघड्या किल्लीच्या याच विचारावर नेटस्केप कंपनीने १९९५ साली ग्राहक व दुकान यांमधील संभाषण सांकेतिक करणारी पद्धत प्रचारात आणली. तिचीच सुधारलेली आवृत्ती आज टीएलएस या नावाने वावरते. पत्त्याच्या आरंभीचे ‘एचटीटीपीएस’ ही तिची खूण.

परंतु किल्ली घेणारा खरोखर तोच दुकानदार कशावरून? त्यासाठी प्रमाणपत्राची मोहोर लागते. २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असे प्रमाणपत्र विनामूल्य देते. तेव्हा खर्चाची सबब आता कोणाही दुकानदारास उरलेली नाही.

मात्र मोहोर ग्वाही देते ती नावाची, नियतीची नव्हे. मिळत्याजुळत्या नावाचा ठकही ती मिळवू शकतो. म्हणून मोहोर नसेल तेथे व्यवहार करूच नये, आणि असेल तेथेही पत्ता अक्षरशः वाचून मगच पैसे द्यावेत.